माझे ‘एकदम फिट’ अशील

खोटं बोलणारे अशील प्रत्येक वकिलाच्या वाट्याला येतात. कोणी जमिनीबद्दल खोटं बोलतं, कोणी बायकोबद्दल, कोणी वयाबद्दल. माझे अशील एकच खोटं बोलतात, आणि सगळेच्या सगळे तेच बोलतात: "एकदम फिट हूँ, साहब!" त्यांचं हे खोटं सोडवता सोडवता माझे केस पांढरे झाले. कायदा त्या मानाने सोपा निघाला.

मी सैनिकांची वकील. इंदूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका साडीच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. खाली दुकानदार "आओ भाभीजी, नया माल आया है" म्हणून ओरडत असतो आणि वर मी एखाद्या मिशीवाल्या हवालदाराला विचारत असते, की बाबा, तुझा कान कधीपासून वाजतो? जिना अरुंद आणि खडा आहे. माझ्या उजव्या गुडघ्याचं आणि त्याचं अलीकडे पटत नाही, पण ते जाऊ द्या. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संस्थानची कारकुनी झाली. शेजारी सगळी संस्थानी फौजेतल्या मराठ्यांची घरं. त्यांना तलवारीचा ताठा, आम्हाला वळणदार अक्षराचा. तलवारवाल्यांच्या नातवंडांसाठी कागद रंगवायचं काम शेवटी माझ्याकडेच आलं, यात मला नवल वाटत नाही. आमचे हे मात्र म्हणतात, "तक्रार कशी करावी हे शिकवायला तुझ्याइतकं लायक दुसरं कोण?"

धंद्याची थोडी ओळख करून देते. फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस माजी सैनिक, त्याला पेन्शन, दवाखाना, कँटीन सगळं आपोआप, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसं नाही. तुम्ही कसे परत आलात यावर सगळं ठरतं. पूर्ण नोकरी करून आलात तर काही प्रश्न नाही. जखमी झालात, आजारी पडलात आणि मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं, तरी हक्क शाबूत. शिक्षा म्हणून काढलं, तर बहुतेक दारं बंद. आणि पेन्शन पिकायच्या आत स्वतःच अर्ज करून ‘घरी अडचण आहे, सोडा’ म्हणून आलात, तर फौज हात हलवून निरोप देते, पण माजी सैनिक म्हणत नाही. माझं काम म्हणजे चुकीच्या दाराने बाहेर पडलेल्या माणसाला कागदावर परत आत न्यायचं आणि बरोबर दाराने बाहेर काढायचं.

दुसरा झगडा असतो तो आजार नोकरीमुळे आला की नाही याचा. इथे कायदा सैनिकाच्या बाजूने आहे, हे मी सगळ्यांना ठणकावून सांगते. भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून घेतलंत, धडधाकट म्हणून घेतलंत, आणि सोडताना तो खालच्या मेडिकल श्रेणीत आहे. मग मधे जे झालं ते तुमच्याकडेच झालं असं धरायचं. नाही म्हणायचं असेल तर कारण तुम्ही द्या. एवढा चांगला नियम हातात असताना केस हरते कशी? अशील तोंड उघडतो म्हणून हरते.

गौतमपुऱ्याचे एक हवालदार होते. तोफखान्यात आयुष्य गेलं, दोन्ही कान गेले. बोर्डासमोर डॉक्टरांनी कानाशी वाकून सहज विचारलं, "गौतमपुरा के हैं? फिर तो हिंगोट खेले होंगे?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्या गावात तुर्रा आणि कलगी अशी दोन दलं समोरासमोर उभी राहतात आणि हिंगोटाच्या पोकळ फळात दारू भरून, पेटवून, एकमेकांवर फेकतात. गौतमपुऱ्याचा मर्द आणि हिंगोट खेळला नाही, हे तो कुणाला कसं सांगणार? हवालदारसाहेबांनी छाती फुगवली आणि ठोकून दिलं, "हर साल, साहब! तुर्रा दल से!" झालं. बोर्डाने लिहिलं की कान गावच्या खेळात गेले, नोकरीशी संबंध नाही.

ते माझ्याकडे आले तेव्हा बरोबर त्यांची बायको होती. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही खरंच खेळायचात? त्यांना ऐकू गेलं नाही, पण बायकोला गेलं. ती म्हणाली, "मॅडमजी, ई तो फुलझड़ी बी दूर से देखे!" तरुणपण सगळं सीमेवर गेलेलं, दिवाळीत सुट्टी कधी मिळालेली नाही, आणि लहानपणी हे महाशय छतावर आईच्या पदराआडून हिंगोट बघायचे. मी गौतमपुऱ्याला गेले. तुर्रा आणि कलगी, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांकडून प्रतिज्ञापत्रं घेतली की हा माणूस कधी मैदानात उतरलेला नाही. दोन दलांचं एकमत झालेलं गावाने पहिल्यांदाच पाहिलं. केस जिंकली. हवालदारसाहेब पेढे घेऊन आले, पण तोंड पाडून. "केस जिता दी आपने," म्हणाले, "पर गाँव में इज्जत ले ली." मी म्हटलं, इज्जत परत मिळेल, कान नाही मिळायचे.

सगळ्याच केसेस अशा हसत संपत नाहीत. हातोदचे एक ड्रायव्हर होते. सुट्टीवरून वेळेत परत गेले नाहीत, असं पुन्हा पुन्हा झालं, प्रत्येक वेळी शिक्षेची लाल शाईतली नोंद झाली आणि शेवटी घरी पाठवलं. वडील अंथरुणाला खिळलेले होते, घरात दुसरं कोणी नव्हतं. ते तेव्हा कमांडिंग ऑफिसरला सांगायला हवं होतं. "घर का रोना साहब के आगे क्या रोना," असं म्हणत गडी गप्प राहिला. मी लढले आणि हरले. न बोललेल्या गोष्टीला मी इतक्या वर्षांनी पुरावा कुठून आणणार? ती हार अजून मला टोचते.

म्हणूनच विश्वास शिर्के जिना चढून आले तेव्हा मी आधीच चिडलेली होते.

चाळिशीतला माणूस, अंगावर सिक्युरिटी गार्डचा गणवेश, कपाळावर घाम. मागोमाग बायको मंगल, तिच्या हातात कागदांची पिशवी. मी बसा म्हटलं. मंगल बसली. शिर्के टेबलासमोर सावधान उभे राहिले.

"नको, वकीलबाई. ठीक आहे असंच."

"काय त्रास आहे तुम्हाला?"

"त्रास म्हणजे तसा काही नाही. एकदम फिट आहे."

मंगलने कपाळावर हात मारला. "वकीलबाई, तुम्हीच समजवा ना ह्यांना! घरी पण हेच चालू असतं. पाय सुन्न पडतो, जिन्यात रुकतात, चप्पल निघून गेली तरी पत्ता नसतो. अन् विचारलं की म्हणतात, काही नाही, बस ऐसेच!"

मग मंगलकडूनच सगळं कळलं. शिर्के फौजेत नाईक होते. उंचावरच्या बर्फाळ चौकीवर पाठीवर रसद घेऊन चढताना घसरले, कमरेला मार बसला. हॉस्पिटलात राहिले, श्रेणी खाली आली, हलकी कामं दिली गेली. पुढे मेडिकल बोर्डासमोर जायचं होतं आणि तिथून सन्मानाने, हक्कांसकट घरी यायचं होतं. पण तेवढ्यात वडिलांचा फोन आला. शिर्क्यांच्या घरात पणजोबांपासून सगळे फौजी. वडील म्हणाले, "आपल्या घरात शहीद झाले, पेन्शनर झाले. अनफिट होऊन कोणी आलेलं नाही." मुलाने बोर्डाची वाट पाहिली नाही. आई फार आजारी आहे असा अर्ज करून नोकरी सोडून दिली. आई तेव्हा दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन जिना चढत होती. ती फार आजारी असल्याची बातमी त्या माऊलीला कित्येक वर्षांनी मी दिली.

आता वडील राहिले नव्हते आणि उजवा पाय बारीक होत चालला होता. डॉक्टर म्हणत होते, मणक्यात नस दबली आहे, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर पाय जाईल. खाजगी हॉस्पिटलचं नाव काढायची सोय नव्हती. माजी सैनिकाचं कार्ड असतं तर ऑपरेशन होऊन गेलं असतं. पण शिर्के स्वतःच्या अर्जाने आलेले, म्हणून सरकारच्या लेखी ते माजी सैनिकच नव्हते. आणि हा माणूस रोज एका कॉलनीच्या गेटवर दिवसभर उभा राहत होता.

"बसत का नाही मधे मधे?" मी विचारलं.

"ड्यूटीवर कोणी बसतं का?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, "शिर्के, केस मी लढीन. पण पुन्हा माझ्यासमोर फिट हा शब्द काढलात तर फाईल जिन्यावरून खाली फेकीन."

माझे मुन्शी सुभेदार काळे. फौजेत क्लार्क होते, निवृत्तीनंतर माझ्याकडे आले. नियम त्यांना तोंडपाठ आणि माझा राग त्यांच्या अंगवळणी पडलेला. दावा दाखल झाला आणि आम्ही दोघांनी मिळून शिर्क्यांची तालीम सुरू केली. हे मी सगळ्याच अशिलांचं करते. मी डॉक्टर होते, तो जवान होतो, मी विचारते, "कैसे हो, जवान?" आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. वाढवून सांगायचं नाही, रडगाणं गायचं नाही. आहे तेवढं सांगायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. शिर्के रोज ठरवून यायचे. मी प्रश्न विचारला की त्यांची टाच टाचेला लागायची, मान वर व्हायची आणि तोंडातून तेच ठरलेलं वाक्य बाहेर पडायचं. मग स्वतःच ओशाळायचे.

"सवय आहे, बाई," काळे म्हणायचे. "तिथे दुखतंय म्हणालं की आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातं. म्हणून कोणी म्हणत नाही."

हे ऐकून मी जरा वरमले. पण तालीम सोडली नाही.

एक दिवस काळ्यांनी थट्टेत आवाज दिला, "शिर्के, विश्राम!" शिर्के हलले नाहीत. त्यांचा हात मात्र पटकन टेबलाच्या कडेला गेला. काळ्यांचं हसू मावळलं. शिर्के गेल्यावर त्यांनी मला उठून करून दाखवलं. "हे बघा. सावधानमध्ये दोन्ही पाय जुळलेले असतात, माणूस कसाही तग धरतो. विश्रामला डावा पाय उचलून बाजूला टाकावा लागतो. तेवढा वेळ सगळा भार उजव्या पायावर. बाई, हा माणूस सावधान उभा राहतो ते आपल्या इज्जतीसाठी नाही. त्याला दुसरं काही जमतच नाही."

त्या दिवसापर्यंत तो ताठा मला घराण्याचा वाटत होता.

जबलपूरला सैन्याच्या न्यायाधिकरणापुढे सुनावणी लागली. अशिलाने हजर राहायलाच हवं असं नसतं, पण मी शिर्क्यांना नेलं. काळ्यांना ते पसंत नव्हतं. "कागद पक्के आहेत, बाई. हा बोलला की घात होणार." कागद पक्के होतेच. पण समोरच्यांकडेही एक कागद होता, तो आईच्या आजाराचा अर्ज, शिर्क्यांच्या अक्षरातला. माणूस आपखुशीने गेला, असं म्हणायला तेवढा पुरे होता. कागदावर कागद मारत बसले असते तर वर्ष गेलं असतं. शिर्क्यांच्या पायाकडे वर्ष नव्हतं.

खंडपीठावर दोघं असतात. एक निवृत्त न्यायाधीश, एक निवृत्त वरिष्ठ फौजी अधिकारी. त्या दिवशीचे जनरलसाहेब पांढऱ्या भुवयांचे, कमी बोलणारे होते. मी माझं म्हणणं मांडलं. सरकारी वकील तरुण आणि सभ्य होता. त्याने अर्ज वाचून दाखवला. जनरलसाहेबांनी मागे उभ्या असलेल्या शिर्क्यांकडे पाहिलं आणि त्यांना पुढे बोलावलं.

"कैसे हो, नाईक शिर्के?"

माझ्या मागे मंगलच्या बांगड्या वाजल्या. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला असणार.

टाच टाचेला लागली. "एकदम फिट हूँ, साहब!"

सरकारी वकील हसला नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त हळूच म्हणाला, "सर, पिटिशनर खुद कह रहे हैं." काळ्यांनी डोळे मिटून घेतले. मला क्षणभर खरोखर वाटलं की फाईल खिडकीतून फेकून द्यावी. मग मला राग आला, आणि माझं डोकं रागातच नीट चालतं. या माणसाला प्रश्न विचारून उपयोग नाही. प्रश्नाचं उत्तर त्याला लहानपणापासून पाठ आहे. त्याला हुकूम हवा.

"सर," मी म्हटलं, "मुझे कोई बहस नहीं करनी. एक ही विनती है. मेरे पक्षकार को विश्राम का हुक्म दीजिए."

न्यायाधीशांना काही कळलं नाही. जनरलसाहेबांना कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, शिर्क्यांच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. आवाज चढवला नाही.

"नाईक शिर्के. विश्राम."

शिर्के हलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हुकूम मोडला असेल. त्यांच्या कानाजवळून घामाचा ओघळ उतरत होता. मी जागेवरून अर्धी उठले, कारण पडलेच तर धरायला कोणीतरी हवं होतं.

"मैंने विश्राम कहा, जवान."

"नहीं होगा, साहब."

"क्यों नहीं होगा?"

प्रश्न विचारला जाताच मला धडकी भरली. पण शिर्के आता हुकूम न पाळलेला शिपाई होते आणि हुकूम का पाळला नाही याचं उत्तर फौजेत खरंच द्यावं लागतं.

"दायाँ पैर सँभालता नहीं, साहब. गिर जाऊँगा." मग मान खाली न घालता म्हणाले, "दुखता है. बहुत दुखता है, साहब."

"कब से?"

"ऊपर से, साहब. चौकी से."

जनरलसाहेबांनी कोर्टाच्या शिपायाला खूण केली. "कुर्सी दो इनको." खुर्ची आली. "बैठो. ये भी हुक्म है." शिर्के बसले. बसताना त्यांनी दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून जागेवर ठेवला, सगळ्यांच्या देखत. मंगल मोठ्याने रडली आणि तिला कोणी गप्प राहायला सांगितलं नाही. मीही रडले, पण वकिलांच्या काळ्या गाऊनला मोठ्या बाह्या असतात.

पुढचं सरळ झालं. नवा मेडिकल बोर्ड बसवायचा आदेश निघाला. बोर्डासमोर शिर्के बोलले. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनाच शेवटी "बस, समझ गए" म्हणावं लागलं. श्रेणी खालची होती, कारण नोकरीतलं होतं. तेव्हा हा माणूस आपखुशीने गेला नाही, आजारामुळे सोडला गेला असं धरावं, असा निकाल झाला. कार्ड आलं, ऑपरेशन झालं. पाय वाचला. पूर्ण परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर. हे ‘आधी’ माझ्या धंद्यात कोणी कोणाला परत मिळवून देऊ शकत नाही. गेटवर उभं राहण्यात गेलेली ती वर्षं मला अजूनही खुपतात आणि शिर्क्यांच्या वडिलांवर मी मनातल्या मनात अजूनही चिडते. बिचाऱ्यांना तरी कोणी विश्राम दिला होता का, कोण जाणे.

गेल्या दिवाळीत शिर्के सहकुटुंब फराळाचा डबा घेऊन आले. काठी टेकत, पण आरामात. आल्याआल्या न सांगता खुर्ची ओढून बसले.

"कसे आहात, शिर्के?"

"कंबर दुखते आहे, वकीलबाई. उजव्या पोटरीत गोळा येतो. थंडीत जास्त."

"ऐकलं ना?" मंगल म्हणाली. "आता दिवसभर हेच चालू! भाजीवाल्याला पण सांगतात. तुम्ही फार शिकवलंत, बाई, आता थोडं बंद करायला पण शिकवा."

आम्ही सगळे हसलो. मी चकल्यांना बशी आणायला म्हणून उठले आणि उठताना टेबलाला धरलं. माझा गुडघा जिन्यावर सकाळीच बोलला होता. शिर्क्यांची नजर माझ्या हातावर गेली.

"तुमची तब्येत कशी आहे, वकीलबाई?"

"मला काय झालंय? एकदम फिट."

काळ्यांनी फाईल मिटली. शिर्क्यांनी काठी बाजूला ठेवली, खुर्चीतच पाठ ताठ केली, आणि खालच्या साडीवाल्यालाही ऐकू जाईल अशा परेडच्या आवाजात हुकूम सोडला.

"वकीलबाई, विश्राम!"

मी मुकाट्याने खाली बसले.